नव्व्याण्णवची रेघ

पुस्तकात ते वाक्य नव्हतंच. ते शोशाम्मा टीचरनं आपल्या हातानं लिहिलं होतं. शेवटच्या पानावरच्या चित्राखाली, निळ्या बॉलपेननं, चौथीच्या पोरांना वाचता येईल अशा गोल गोल अक्षरात: 'याच्या वर पाणी कधीच येत नाही.'

पुस्तक चोवीस पानांचं. नव्व्याण्णवच्या पुराचं. छान चित्रं होती, कुणाला नावं ठेवायला जागा नव्हती. देवळाच्या कौलांवर चढलेली गाय, खिडकीला बांधलेली होडी, एका मोठ्या पसरट पितळी भांड्यात, उरळीत, घालून सोडून दिलेलं तान्हं बाळ, आणि शेवटी चौकातला दगडी क्रूस. क्रूसाच्या दगडात कुणीतरी छिन्नीनं आडवी रेघ कोरली आहे आणि एक म्हातारा बोट दाखवतो आहे. खाली छापलेलं एवढंच: 'पाणी इथपर्यंत आलं होतं.' क्रूस आट्टुकडव गावातलाच. अजून उभा आहे. म्हणून तर हे पुस्तक तिथल्या शाळेला मिळालं.

मे महिन्यात तालुक्याला शिक्षकांचं प्रशिक्षण झालं, तिथं शहरातल्या एका बाईंनी हे पुस्तक कसं शिकवायचं ते सांगितलं. आधी चित्र दाखवा, मग मुलांना बोलू द्या, मग आपल्या गावाशी जोडा. आणि मुलाला कधीही भीतीत सोडू नका, शेवट सुरक्षिततेवर करा. शोशाम्मानं वहीत लिहून घेतलं आणि 'सुरक्षितते'खाली दोन रेघा मारल्या. बावीस वर्षं नोकरी झाली होती तिची. मास्तरकीत वरून सांगतील ते लिहून घ्यायचं असतं आणि खाली जाऊन सांगायचं असतं. मधे आपण कुठं आहोत हे कुणी विचारत नाही, आणि आपणही विचारत नाही.

जूनमध्ये तिनं पुस्तक उघडलं. पहिल्याच पानाला पाठीमागून बिजूनं हात वर केला.

"टीचर, नव्व्याण्णव साली माझा दादा जन्मला. आई म्हणते त्या वर्षी पूरबीर काही नव्हता."

"अरे, ते नव्व्याण्णव नाही. आपल्या मल्याळी पंचांगातलं एक हजार नव्व्याण्णव. कॅलेंडरवर खाली बारीक अक्षरात असतं ते. इंग्रजी एकोणीसशे चोवीस."

"मग तुम्ही तेव्हा कितवीला होता टीचर?"

"मी तेव्हा हेडमास्तर होते. बस खाली."

वर्ग हसला. एक अम्बिळी तेवढी हसली नाही. गवंडीकाम करणाऱ्या तंकप्पन मेस्तिरीची नऊ वर्षांची मुलगी, पहिल्या बाकावर बसणारी, दोन वेण्या. तिचं लक्ष उरळीतल्या बाळावर होतं.

"टीचर, याची आई कुठंय?"

शोशाम्मानं चित्र नीट पाहिलं. आई चित्रात नव्हती. चित्रकारानं काढली नव्हती, किंवा काढायची हिंमत केली नव्हती.

"आई मागे असेल. पुढचं पान बघू."

चार दिवसांनी अम्बिळीची आई ओमना फाटकाशी उभी राहिली. "टीचर, काय शिकवलंत हो? पोरगी दप्तर पाठीला लावून झोपते. उताणं झोपता येत नाही, कुशीवर झोपता येत नाही, दप्तर काढू देत नाही. म्हणते, पाणी आलं तर वेळ मिळणार नाही."

शोशाम्माला प्रशिक्षणातली ती दोन रेघांची ओळ आठवली. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गासमोर पेन काढलं आणि शेवटच्या पानावर ते वाक्य लिहिलं. मोठ्यानं वाचून घेतलं. तीनदा. सगळ्या वर्गाकडून. अम्बिळीचा आवाज सगळ्यांत वर होता. त्या रात्री दप्तर खुंटीला गेलं.

एवढ्यावर थांबली असती तर एका वेळेस चाललं असतं. पण 'गावाशी जोडा' उरलं होतं. शोशाम्माच्या डोक्यात आलं की क्रूसावरची ती रेघ प्रत्येक पोराच्या घरावर काढायची. म्हणजे पोराला कळेल, नव्व्याण्णवचं पाणी माझ्या घरात कुठपर्यंत आलं असतं. तंकप्पन मेस्तिरी आपणहून आला. त्याच्याकडे लेव्हल काढायची नळी होती, पारदर्शक, वीस मीटरची, आत पाणी भरलेली. एक टोक क्रूसाच्या रेघेला धरायचं, दुसरं पुढच्या खुंटीला. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत आलं की खूण. तिथून पुढची खुंटी. असं करत करत शाळेच्या दारांचा उरलेला निळा ऑइलपेंट घेऊन पोरं आठवडाभर गावभर फिरली. चौतीस घरं झाली.

तेवीस घरांत रेघ घराच्या आत आली. कुठं गुडघ्याला, कुठं छातीला. लोक हसले, थोडे गप्प झाले. आणि पूर्वेच्या बांधावरच्या अकरा घरांत रेघ जोत्यावरच राहिली, फरशीच्या खाली. ती अकराही घरं तंकप्पननं बांधलेली. पूर्वी तिथं भातशेती होती. कुणी तरी टेकडी कापून माती विकली, कुणी तरी शेत बुजवायच्या कागदावर सही केली, आणि पाण्याच्या पोटात हात हातभर उंच जोती उभी राहिली. त्याच्या स्वतःच्या घराला रेघ फरशीखाली एक वीत नि चार बोटं आली. त्यानं सगळ्या वर्गाला केळ्याचे वेफर्स दिले आणि छाती पुढं काढून म्हणाला, "नव्व्याण्णवचं पाणी आलं तर माझ्या पायरीवर बसेल, पान खाईल आणि परत जाईल."

वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवणीत फोटो आला. नळी धरलेली पोरं, मधे टीचर. हेडमास्तरांनी तो नोटीसबोर्डवर लावला. जुलैमध्ये पाणी चढलं, तेव्हा पोरं पळत पळत रेघ बघायला गेली. पाणी रेघेच्या दोन हात खालीच थांबलं आणि उतरलं. झालं. यापुढं त्या रेघेवर आट्टुकडवमध्ये जेवढा विश्वास होता, तेवढा देवळातल्या देवावर नव्हता आणि चर्चमधल्या फादरवर तर मुळीच नव्हता.

ऑगस्टच्या पंधरा तारखेला भर पावसात झेंडा झाला. सोळाला पहाटेपासून पंपा नदी आपली राहिली नाही. वर धरणांची दारं उघडल्याचं टीव्हीवर सांगितलं, मग वीज गेली, मग टीव्हीही गेला. शाळा टेकाडावर, म्हणून शाळेचा कॅम्प झाला. दहापर्यंत तेवीस घरं पोहोचली. शोशाम्मा हजेरीपत्रक घेऊन दारात बसली होती, नावावर खूण करत होती, आणि तिच्या लक्षात आलं की जी घरं आली आहेत, त्या सगळ्यांत रेघ फरशीच्या वर होती. जी अकरा आली नव्हती, ती बांधावरची होती. त्रेचाळीस माणसं.

तिनं मेस्तिरीला फोन लावला.

"टीचर, अहो, माझं घर रेघेच्या वर आहे, विसरलात काय? अजून तीन पायऱ्या कोरड्या आहेत. कॅम्पात पेज कमी पडली तर इकडेच पाठवा लोकांना, ओमनानं मोठं भांडं चढवलंय."

"मेस्तिरी, ऐका, या. पाणी वेगळं आहे."

"पाणी ते पाणी. वेगळं काय असतंय त्यात?" फोनवर हसू आलं आणि फोन बंद.

मग तिनं दुसऱ्या घरी लावला, तिसऱ्या घरी लावला. सगळीकडे एकच: "मेस्तिरी हलले का? नाही ना? मग आम्ही कशाला हलू?" एवढं कळलं की मेस्तिरी उठला तर अकरा घरं उठतील, आणि तो बसला तर अकरा घरं बसतील. आणि तो ज्याच्या जोरावर बसला होता, ते वाक्य तिचं होतं.

नावाडी वावच्चनची होडी टेकाडाखालच्या पायरीशी होती. शोशाम्मा तिच्यात जाऊन बसली. सत्तरीचा हाडकुळा म्हातारा, तोंडात विडी, विझलेली.

"टीचर, पोहता येतं?"

"नाही."

"मग आत्ताच सांगून ठेवतो. उलटली तर होडीला धरायचं, मला धरायचं नाही. मला आधीच बायको धरून बसलीय चाळीस वर्षं."

ती हसली नाही म्हणून तो स्वतःच हसला, आणि बांबू रोवत निघाला. रस्ता कुठं गेला होता ते फक्त विजेच्या खांबांवरून कळत होतं. मेस्तिरीच्या दारी उतरली तेव्हा दोन पायऱ्या कोरड्या होत्या. वावच्चन म्हणाला, "पश्चिमेला एक बाळंतीण आहे, तिला घेऊन अर्ध्या तासात येतो. तोवर यांना आवरून ठेवा." तो गेला. (तो जगला. प्रवाहानं त्याला पलीकडच्या गावात नेऊन टाकलं, दोन दिवस तो तिथंच अडकला. पण हे शोशाम्माला नंतर कळलं. त्या दिवशी तिला एवढंच माहीत होतं की अर्धा तास झाला, एक तास झाला, आणि होडी आली नाही.)

घरात ओमनानं गाठोडं बांधून ठेवलं होतं. मेस्तिरी त्याच्यावर पाय ठेवून खुर्चीत बसला होता, म्हणजे गाठोडं उचलता येऊ नये. अम्बिळी शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून पट्टीनं पाणी मोजत होती आणि वहीत लिहीत होती. वेळ एका बाजूला, आकडा दुसऱ्या बाजूला. हे तिला शोशाम्मानंच शिकवलं होतं.

"टीचर, बघा. दहा वाजता रेघेला अकरा बोटं कमी. साडेअकराला सहा बोटं. आता तीनच. आता थांबेल."

"शाब्बास," शोशाम्मा सवयीनं म्हणून गेली, आणि तिला तो शब्द परत घ्यावासा वाटला.

"मेस्तिरी, उठा. होडी आली की निघायचं."

"टीचर, मी सोळा वर्षं गवंडी आहे. माझी नळी कधी चुकली नाही."

"नळी चुकली असं मी म्हणतच नाहीये."

"मग?"

"त्या साली इथं भात होता हो. पाण्याला पसरायला मैलभर रान होतं. आता तिथं आपण आहोत, तुमची अकरा घरं आहेत, टेकडीची माती आहे. पाणी जाणार कुठं?"

मेस्तिरी तिच्याकडं बघत राहिला. "हे जूनमध्ये ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

 ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. बुजवलेल्या शेतावरून रोज चालत शाळेत जाणाऱ्याला काय ठाऊक नसणार. पण पोरांना भीतीत सोडायचं नव्हतं ना.

ओमना स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्ही दोघं भांडत बसा. मला तेवढं सांगा, पेज उतरवू का ठेवू?"

"ठेव," मेस्तिरी म्हणाला.

"उतरव," शोशाम्मा म्हणाली.

ओमनानं पेज उतरवून चार ताटल्यांत वाढली. चौघांनी उभ्यानं खाल्ली. मीठ जास्त पडलं होतं. 

एक वाजून दहा मिनिटांनी पाणी रेघेला लागलं. चौघंही दारात उभे राहून बघत होते. निळा रंग ओला झाला, मग त्याच्यावर मातकट पाणी सरकलं, मग निळा रंग दिसेनासा झाला. अम्बिळीनं वेळ लिहिली आणि आकड्याच्या जागी काय लिहायचं ते तिला कळेना.

"लाट आहे," मेस्तिरी म्हणाला. "बसेल."

पाच मिनिटं गेली. दहा मिनिटं गेली. लाट बसली नाही. पट्टी लावली तर वर चार बोटं भरली.

आता मेस्तिरीनं हो म्हटलं असतं तरी जायचं कशानं? पायऱ्यांपलीकडं नुसता ओढा वाहत होता. त्यातून केळीची झाडं मुळांसकट जात होती, एक सायकल गेली, शेजारच्या औसेपच्या गोठ्याचा पत्रा गेला. शोशाम्मानं फोन काढला. बॅटरी होती, रेंज नव्हती. ती दारात गेली, खिडकीशी गेली, परत दारात आली. चार भिंतींचं घर, एक दार पुढं, एक मागं, आणि दोन्हींतून दिसत होतं ते एकच.

दोन वाजता पाणी फरशीवर आलं. आधी दाराखालून, मग मोरीच्या भोकातून उलटं. मेस्तिरी खुर्चीतून उठला. त्यानं फरशीला हात लावला, हात वर घेऊन बघितला, जणू पाणी आहे की आणखी काही. त्याचा चेहरा असा झाला होता की शोशाम्मानं दुसरीकडं बघितलं.

"माळ्यावर चला," ओमना म्हणाली. तिनं शिडी लावलीसुद्धा होती. सकाळपासून त्या घरात शहाणं असं तीच एक वागत होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

अम्बिळी हलली नाही. ती खाटेवर पाय वर घेऊन बसली होती आणि खाटेचा खांब दोन्ही हातांनी धरला होता.

"चल पोरी," बाप म्हणाला.

"थांबेल."

"अगं, फरशीवर आलंय."

"थांबेल. टीचरनं लिहिलंय. आपण वर गेलो नि पाणी थांबलं तर सगळे हसतील."

टीचर समोर उभी होती आणि पोरगी टीचरबद्दल अशी बोलत होती जशी ती दुसरी कुणी आहे, शाळेत, कोरड्यात, फळ्यापाशी. मेस्तिरीनं तिला उचलायला हात घातला, तिनं खांब सोडला नाही. त्यानं ओढलं, ती किंचाळली. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं.

शोशाम्मा पाण्यातून चालत खाटेशी गेली आणि तिच्यासमोर वाकली.

"अम्बिळी, ते पुस्तकात नव्हतं."

पोरीनं मान वर केली.

"ते वाक्य मी लिहिलं. पुस्तकात एवढंच होतं की पाणी इथपर्यंत आलं होतं. त्याच्या पुढचं माझं होतं."

"कशाला लिहिलं?"

"तू घाबरली होतीस म्हणून."

"मग ते खरं नव्हतं?"

"मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं तर लिहिलं कशाला?"

बावीस वर्षांत किती पोरांना शोशाम्मानं उलटे प्रश्न विचारले असतील. उत्तर येत नसलं की पोरं जमिनीकडं बघतात. तिनं जमिनीकडं बघितलं, तिथं जमीन नव्हती.

अम्बिळीनं खांब सोडला. शोशाम्मानं हात पुढं केला, तो तिनं धरला नाही. स्वतः पाण्यात उतरली, स्वतः शिडी चढली. वही तिनं खाटेवरच ठेवली.

माळ्यावर चौघं वाकून बसले. वर कौलं, खाली लाकडी फळ्या, मधे जुन्या नारळाच्या करवंट्या आणि लोणच्याची बरणी. मेस्तिरीनं आल्यावर पहिलं काम केलं ते हातोडीनं आपलीच कौलं फोडण्याचं. स्वतः बसवलेली, एक एक मोजून. फोडताना शिव्या देत होता, कुणाला ते कळत नव्हतं. भोक पडलं, डोकं बाहेर निघालं, पाऊस तोंडावर आला.

"टीचर," तो बाहेरूनच म्हणाला, "अजून दहा घरं आहेत."

तो आढ्यावर बसला, हाताचा कर्णा केला. सगळ्यांत जवळचं घर औसेपचं, पन्नास-साठ पावलांवर. औसेप आणि त्याची बायको त्रेस्या, दोघंच राहायचे, पोरगा आखातात. औसेप खिडकीत दिसत होता, गुडघाभर पाण्यात, हातात चहाचा पेला.

"औसेप, वर चढ. माळ्यावर जा. कौलं फोड."

"काय मेस्तिरी? घाबरलास काय?" औसेपचा आवाज आला. "तुझीच रेघ ना? टीचर आहे ना तिथं, तिला विचार रेघ काय म्हणते ते."

मेस्तिरीनं मागं वळून बघितलं.   शोशाम्मा भोकातून वर आली. चौपन्न वर्षांची बाई, साडी गुडघ्याला गुंडाळलेली, कौलावर चार पायांवर. आयुष्यात ती कधी ओरडली नव्हती. वर्गात टेबलावर पट्टी आपटली की काम भागायचं.

"औसेप चेट्टा, ओ दादा," ती ओरडली, आणि आवाज फाटला. पुन्हा ओरडली. "मी टीचर बोलतेय. ते मी खोटं लिहिलं. पाणी वर येईल. रेघेच्या भरवशावर राहू नका. माळ्यावर चढा आणि पुढच्या घराला सांगा."

खिडकीतला चहाचा पेला थांबला.

"काय म्हणालात?"

"मी खोटं लिहिलं."

"टीचर म्हणतेय रेघ खोटी," औसेपनं पुढच्या घराकडं तोंड करून हाक दिली. तिथून पुढच्या घरी गेली. तिथून पुढच्या. पावसात, पाण्याच्या आवाजात, घराघरातून एकच वाक्य पुढं सरकत होतं, कुणी बाईच्या आवाजात, कुणी पोराच्या. टीचर म्हणतेय रेघ खोटी. टीचर खोटं बोलली. टीचर खोटारडी आहे, वर चढा. प्रत्येक घरी वाक्य थोडं बदलत होतं, आणि शोशाम्मा आढ्यावर बसून सगळं ऐकत होती.

"रेघ खोटी नाही," मेस्तिरी दात आवळून म्हणाला. "रेघ बरोबर आहे. वाक्य खोटं."

"हो," शोशाम्मा म्हणाली. "वाक्य."

संध्याकाळपर्यंत एकेका घराची कौलं फुटताना दिसली. डोकी बाहेर आली. मेस्तिरी मोजत होता. नऊ घरं वर होती. दहावं औसेपचं. सगळ्यांत जवळचं, सगळ्यांत आधी सांगितलेलं. त्याची कौलं फुटली नाहीत. खिडकीची वरची चौकट तेवढी पाण्यावर होती. मेस्तिरीनं किती हाका मारल्या. एकदा आतून काहीतरी आपटल्यासारखं वाटलं, एवढंच.

रात्र त्यांनी त्या आढ्यावर काढली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाऊस होता, आणि चौघं होते, आणि अम्बिळी आई नि बाप यांच्या मधे बसली होती.

सकाळी उजाडलं ते चिंगम महिन्याच्या पहिल्या दिवशी. मल्याळी नवं वर्ष. आदल्या वर्षी याच दिवशी शोशाम्मानं वर्गात पायसम वाटलं होतं. आठच्या सुमारास इंजिनाचा आवाज आला. इथल्या नदीत असा आवाज कधी ऐकला नव्हता. समुद्रावरच्या मच्छीमारांची फायबरची मोठी होडी, निळी-पांढरी, लॉरीवर घालून रात्रीत आणलेली. तिघं जण तिच्यात होते. ज्यांची गाडी पुढं गेली की मासळीचा वास येतो म्हणून गावातले लोक काचा वर करतात, तेच लोक. ज्यांच्याकडं सरकारी बोट होती, त्यांच्यातलं अजून कुणी आलेलं नव्हतं.

पुढं उभा होता त्याचं नाव क्लीटस. काळाकुट्ट, रुंद, डोळे लाल. "किती जण?"

"इथं चार," शोशाम्मा म्हणाली. "पण आधी त्या घरी जा. तिथून आवाज नाही. नवरा-बायको आहेत."

क्लीटसनं तिच्याकडं एकदा बघितलं आणि होडी वळवली. औसेपच्या कौलांवर कुऱ्हाड पडली. एक जण आत उतरला. बराच वेळ काही दिसलं नाही. मग त्रेस्या बाहेर आली, म्हणजे तिला काढली. ती धान्याच्या लाकडी पेटीवर बसून होती रात्रभर, पाणी मांड्यांपर्यंत. मागून दुसरं कुणी आलं नाही. उतरलेला माणूस वर आला, त्यानं क्लीटसला मान हलवली, आणि होडी मेस्तिरीच्या आढ्याशी आली.

त्रेस्या होडीच्या तळाशी बसली होती. तिच्या अंगावर कुणाचा तरी शर्ट टाकला होता.

"आम्ही दोघं पेटीवर चढलो होतो, टीचर," ती साध्या आवाजात म्हणाली, दूध उतू गेलं असं सांगावं तशी. "तुमचं ऐकून लगेच चढलो. कौलं फोडायला कुऱ्हाड खाली होती. पण तो कुऱ्हाडीसाठी नाही उतरला. म्हणाला, पाणी कमी झाल्यासारखं वाटतंय, रेघ दिसते का बघून येतो. मी म्हटलं, टीचर खोटी म्हणाली ना रेघ. तर म्हणाला, टीचर घाबरून बोलली असेल."

 मेस्तिरी कौलांच्या कडेला बसून राहिला, त्याचे पाय पाण्यात होते. ओमनानं त्याच्या दंडाला धरलं आणि उठवलं, लहान पोराला उठवतात तसं.

"सगळ्यांना घेतो," क्लीटस म्हणाला. "आधी पोरगी. चला, वेळ नाही, अजून नऊ घरं आहेत."

शोशाम्मानं अम्बिळीला उतरायला मदत म्हणून हात पुढं केला. या वेळीही तो तसाच राहिला. अम्बिळी कौलावरून घसरत खाली आली आणि होडीच्या काठाशी थबकली. होडी हलत होती. तिनं टीचरकडं बघितलं नाही, बापाकडं बघितलं नाही. ज्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा बघत होती, त्याच्याकडं बघितलं.

"पाणी आणखी वाढेल का?"

क्लीटसनं वर नदीकडं बघितलं, मग आभाळाकडं. मग तिच्याकडं.

"मला काय माहीत, बाळा," तो म्हणाला. "बस."

अम्बिळी बसली. त्रेस्याच्या शेजारी, होडीच्या तळाशी, दोन्ही हातांनी काठ धरून.